मनीचं पाकीट उलटं करून वाचा!

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गंमत अशी, की मांजराचं खाणं विकत घेताना डोळे मिटलेले असतात ते आपले! पाकिटावर गुबगुबीत मांजराचा फोटो, शेजारी चिकनचा रसरशीत तुकडा, वर 'रिअल ट्यूना' असं ठसठशीत अक्षरात. बस्स, घेतलं पाकीट!

मेट्रो शहरांतल्या दोस्तांना हे एक वेळ परवडेल. खाणं चुकलं, मांजर आजारी पडलं, तर चार गल्ल्यांपलीकडे पेट क्लिनिक असतं. पण तुम्ही सिरोंचात राहत असाल तर? जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे गडचिरोली, दोनशे किलोमीटरच्या घरात. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याहून कितीतरी लांब. प्राणहिता ओलांडून तेलंगणातलं मंचेरियाल त्यामानाने जवळ, पण तेही चालत जाण्याइतकं नाही. अशा गावात मांजराच्या तब्येतीचा निम्मा निकाल दवाखान्यात नाही, त्याच्या वाटीत लागतो. म्हणूनच आज बोलूया वेट फूडबद्दल, म्हणजे पाऊचमधल्या किंवा डब्यातल्या ओल्या खाण्याबद्दल.

ओलं कशासाठी?

आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, कोरड्या प्रदेशातला प्राणी. त्याला बरंचसं पाणी मिळायचं ते शिकारीतूनच. त्यामुळे मांजराला तहान लागते, पण कमी. कुत्रं धापा टाकत अर्धा वाडगा पाणी संपवतं. मांजर दोन थेंब चाटतं आणि निघून जातं.

आता आकडे बघा. कोरड्या दाण्यांत पाणी असतं साधारण ६ ते १० टक्के. वेट फूडमध्ये ७५ ते ८० टक्के. उंदराच्या किंवा पाखराच्या अंगातलं पाणीही जवळपास तेवढंच. म्हणजे वेट फूड हा निव्वळ लाड नाही. तो मांजराच्या पोटात पाणी पोचवायचा सोपा मार्ग आहे.

सिरोंचाच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, याची किंमत कळते. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो बारीक खड्यांनी किंवा चिकट गाळाने तुंबू शकतो. तुंबलेला बोका वेळेत उपचार मिळाले नाहीत, तर दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. वेट फूड दिलं म्हणजे हे कधीच होणार नाही, असं नाही. पण पोटात जास्त पाणी गेलं की धोका कमी होतो. दवाखाना लांब असेल तिथे धोका कमी करणं हाच अर्धा उपचार.

पहिला शब्द शोधा: 'कम्प्लीट'

दुकानात किंवा ऑनलाइन, पाकीट हातात आलं की आधी उलटं करा. मागे बारीक अक्षरांत 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट पेट फूड' असं लिहिलंय का बघा. याचा अर्थ, मांजर रोज फक्त हेच खाऊन जगू शकतं. त्याऐवजी 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट', 'टॉपर' किंवा 'स्नॅक' असेल, तर ते चाखायला आहे, जेवायला नाही. पुष्कळदा सगळ्यात देखणं पाकीट, ज्यात माशाचे अख्खे तुकडे दिसतात, ते नेमकं याच दुसऱ्या गटातलं निघतं.

'कम्प्लीट'च्या पुढे वयही असतं. 'किटन' म्हणजे वर्षाच्या आतलं पिल्लू, 'अ‍ॅडल्ट' म्हणजे मोठं मांजर. 'ऑल लाइफ स्टेजेस' असेल तर दोघांनाही चालतं. मोठ्या मांजराचं खाणं पिल्लाला रोज देऊ नका. वाढीच्या वयात त्याला जास्त प्रथिनं लागतात. आणि कुत्र्याचं खाणं मांजराला रोज? अजिबात नाही.

बऱ्याच पाकिटांवर अमेरिकेच्या 'आफ्को' किंवा युरोपच्या 'फेडिआफ'चं नाव दिसेल. या संस्था खाण्यात काय किती असावं, याची मापं ठरवतात. पण 'आफ्को' कुठल्याही पाकिटाला स्वतः मंजुरी देत नाही. त्यामुळे 'आफ्को अप्रूव्ह्ड' असं कुणी सांगत असेल, तर भुवया उंचवायला हरकत नाही.

टॉरिनची गोष्ट

मांजर पक्कं मांसाहारी आहे, आवडीने नाही तर शरीराच्या घडणीने. आपलं शरीर गाजरातून अ जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ते जमत नाही, त्याला ते प्राण्यांच्या मांसातूनच तयार मिळावं लागतं. त्याला गोड चवही कळत नाही. ती चव ओळखणारं जनुकच त्याच्यात निकामी झालंय, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे तुम्ही प्रेमाने दिलेल्या बासुंदीतला गोडवा त्याच्यासाठी शून्य.

पण सगळ्यात महत्त्वाचं नाव टॉरिन. हा घटक मांसात आणि माशात असतो. कुत्र्याचं शरीर तो सहसा स्वतः बनवतं, मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले पशुवैद्य पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं. धक्कादायक भाग असा, की ती मांजरं उपाशी नव्हती, दूधभातावरही नव्हती. ती नावाजलेलं, बाजारात मिळणारं खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि मांजरांमधला हा हृदयविकार झपाट्याने कमी झाला.

म्हणून घटकांच्या यादीत 'टॉरिन' दिसलं तर 'अरे, केमिकल टाकलंय' म्हणून दचकू नका. उलट ते असायलाच हवं.

छोटंसं गणित

आता एक ट्रिक. पाऊचवर लिहिलंय प्रथिनं १० टक्के, कोरड्या खाण्यावर ३० टक्के. कोणतं भारी? दिसायला कोरडं. पण थांबा, पाणी वजा करा.

पाऊचमध्ये ८० टक्के पाणी, म्हणजे सुका भाग २०. त्यात १० प्रथिनं. १० भागिले २०, म्हणजे ५० टक्के! कोरड्यात १० टक्के पाणी, सुका भाग ९०. ३० भागिले ९०, म्हणजे ३३ टक्के. बघा, निकाल फिरला. 'आफ्को'च्या मापाने मोठ्या मांजराला सुक्या भागात किमान २६ टक्के आणि वाढत्या पिल्लाला किमान ३० टक्के प्रथिनं लागतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, मासा, कलेजी असं नाव घेऊन सांगितलेलं काही असेल तर उत्तम. कलेजी, हृदय असे अवयव दिसले म्हणून नाक मुरडू नका. मांजर शिकार खातं तेव्हा ते सोडत नाही. खाण्यातला रंग मात्र मांजरासाठी नसतो, तो तुमच्यासाठी असतो.

खिशाचं काय?

हा खरा प्रश्न. हिशेबासाठी धरा, ८० ग्रॅमचा पाऊच ५० रुपयांना. त्यात साधारण ६० ते ८० किलोकॅलरी. चार किलोच्या मांजराला दिवसाला लागतात २०० ते २५०. म्हणजे रोज तीन पाऊच, १५० रुपये. महिन्याला ४,५०० रुपये. एवढ्यात कित्येकांची महिन्याची मेस निघते!

मग मधला रस्ता. रोज एक पाऊच आणि ४० ग्रॅम 'कम्प्लीट' कोरडं खाणं. कोरडं ४०० रुपये किलो धरलं, तर महिन्याचा खर्च २,००० च्या आसपास. तेही जमत नसेल तर फक्त 'कम्प्लीट' कोरडं, रोज साधारण ६० ग्रॅम. महिन्याला ७०० ते ७५० रुपये. त्यात दोन-तीन चमचे पाणी घाला आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवा. पाकिटावरचा तक्ता आणि मांजराचं वजन बघून माप थोडं मागे-पुढे करा.

महिन्यातून चार वेळा महागडी ट्रीट आणि बाकी दिवस दूधभात, यापेक्षा रोजचं साधं 'कम्प्लीट' खाणं केव्हाही चांगलं. हेल्दी म्हणजे महाग नव्हे. पुरेसं, आणि रोज देता येईल असं.

आणि नदीचा मासा?

तुम्ही म्हणाल, गावाशेजारी प्राणहिता आणि गोदावरी असताना पाकिटातला मासा कशाला? मुद्दा बरोबर आहे. सिरोंचात मराठीइतकीच तेलुगूही कानावर पडते, आणि तेलुगूत मांजराला 'पिल्ली' म्हणतात, माशाला 'चेपा'. पिल्ली आणि चेपा यांची दोस्ती जुनीच. मासा द्या, पण तीन गोष्टी सांभाळून.

एक, शिजवून. रोहू, कटला हे कार्प कुळातले मासे. या कुळातल्या काही माशांमध्ये, कच्चे असताना, ब१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. शिजवल्यावर तो निष्प्रभ होतो. दोन, काटे पूर्ण काढून. तीन, बिनमिठाचा, बिनमसाल्याचा. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. रस्श्यातला तुकडा धुऊन दिला, तरी आत मुरलेलं धुतलं जात नाही.

चिकन उकडून दिलंत तर तेही छान. पण घरचं मासे-चिकन हे दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापुरतं ठेवा. 'घरचं ते सगळ्यात शुद्ध' हे खरं असलं, तरी शुद्ध म्हणजे पूर्ण नव्हे. डेव्हिसच्याच संशोधकांनी मांजरांसाठीच्या घरगुती पाककृती तपासल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: तपासता आलेल्या पाककृतींपैकी एकही सगळी पोषणद्रव्यं पुरवत नव्हती. कलेजीही रोज नको. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी हाडांना त्रास होतो. आणि दूध? बहुतेक मोठ्या मांजरांना ते नीट पचत नाही.

उन्हाळा, पूर आणि पाऊच

बंद पाऊचला फ्रिज लागत नाही, ही गावासाठी मोठीच सोय. मात्र पाकीट फुगलेलं, गळकं असेल तर घेऊ नका. उन्हात ठेवू नका. उघडलेलं ओलं खाणं उन्हाळ्यात वाटीत तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. पाणी घातलेल्या कोरड्या दाण्यांनाही हाच नियम. उरलेला पाऊच झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. लाइट बराच वेळ गेली असेल तर फेकून द्या.

पावसाळ्याची तयारी वेगळी. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या पुराने सिरोंचा तालुक्यातल्या अनेक गावांना वेढलं होतं. रस्ते बंद झाले की पार्सल येत नाही. जूनमध्येच पंधरा दिवसांचं मांजराचं खाणं घट्ट डब्यात भरून ठेवा, शेवटची तारीख बघून.

एवढं पाठ करा

नवं खाणं एकदम बदलू नका. जुन्यात थोडं-थोडं मिसळत सात ते दहा दिवस घ्या. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजरासोबत चालत नाही. दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तर त्याच्या यकृतावर चरबी साचू शकते, जाड मांजरात तर जास्तच.

बोका सारखा लघवीला बसतोय, जोर लावतोय, थेंबच येतोय किंवा काहीच येत नाही, ओरडतोय, मागचा भाग चाटतोय? 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पशुसंवर्धन विभागाची १९६२ ही टोल-फ्री सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी फोन करून विचारून पाहा. आणि घरातली पॅरासिटामॉल त्याला चुकूनही देऊ नका. माणसाचा ताप उतरवणारी ही गोळी मांजराचा जीव घेते.

तर पुढच्या वेळी पार्सल आलं, की मांजर खोक्यात शिरेलच. ते तिकडे रमलेलं असताना तुम्ही पाकीट उलटं करा आणि तीनच गोष्टी बघा: 'कम्प्लीट', वय आणि टॉरिन. पुढची बाजू तुमच्यासाठी छापलेली आहे. मागची बाजू मनीसाठी आहे, आणि तिला वाचता येत नाही.