गळक्या रेडिएटरची दुरुस्ती

ऐन पेरणीत ट्रॅक्टरचा रेडिएटर गळू लागला म्हणजे नवा घेण्याकडेच मन धावते. परंतु तांब्याच्या नळ्यांचा व पितळी टाक्यांचा रेडिएटर बहुधा झाळून दुरुस्त होतो. कथील-शिशाचा डाख सुमारे १८३ अंश सेंटिग्रेडला वितळू लागतो, तांबे सुमारे १,०८५ अंशांना. त्यामुळे नळी वितळण्याचे भय नसते.

रेडिएटर उतरवून त्याची तोंडे बंद करावीत, पाण्यात बुडवून आत बेताच्या दाबाची हवा सोडावी. बुडबुडे येतील तेथे छिद्र समजावे. ती जागा धातू चकाकेपर्यंत घासावी. तेल वा जुना रंग राहिल्यास डाख धरत नाही, आणि पुष्कळ दुरुस्त्या येथेच फसतात. तेजाब लावून झाळल्यावर भरपूर पाण्याने धुवावे, अन्यथा तेच पुढे धातू खाते. फाटलेल्या एखाद्या नळीची दोन्ही टोके बंद करता येतात. मात्र अशा नळ्या वाढल्यास इंजिन तापते.

हळदपूड टाकण्याची युक्ती घरी पोहोचण्यापुरतीच बरी; तिने नळ्या तुंबतात. ॲल्युमिनियमच्या नव्या रेडिएटरला मात्र हा डाख चालत नाही.

परत बसविण्यापूर्वी पंख्याचे पाते घासते काय, खालचे रबर झिजले काय, हे अवश्य पाहावे.