कॉम्प्युटर अपडेट झाला, पण आत जुनाच प्रोग्रॅम चालू आहे, हे ओळखायचे कसे?



गळीत हंगामाच्या तोंडावर मिलची ओव्हरहॉलिंग होते, तशीच काट्यावरच्या आणि हिशेब विभागातल्या कॉम्प्युटरचीही दुरुस्ती होते. मिलचे काम डोळ्यांना दिसते. रोलर उतरवला, नवा चढवला, कोणीही जाऊन पाहावे. कॉम्प्युटरचे तसे नाही. तिथे “अपडेट केले” एवढेच कानावर येते आणि काम संपले असे सगळे धरून चालतात. आपल्या उसाचे वजन, कपाती आणि बिलाचा आकडा याच यंत्रांतून निघतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

आधी एक घरचे उदाहरण घेऊ. शेतकी विभागाने तोडणीचा नवा कार्यक्रम काढला, जुना फाडला आणि नवा कपाटात ठेवला. पण गटातला चिटबॉय सकाळीच जुना कागद खिशात घालून शिवारात गेलेला. तो दिवसभर जुन्या यादीप्रमाणेच तोडी देणार. कपाट उघडून पाहाल तर सगळे बरोबर दिसेल. चूक कपाटात नाहीच, ती चिटबॉयच्या खिशात आहे.

कॉम्प्युटरमध्ये नेमके हेच होते. प्रोग्रॅमच्या फायली डिस्कवर असतात, हे झाले कपाट. प्रोग्रॅम सुरू झाला की तो त्या फायली मेमरीत घेऊन बसतो, हा झाला खिसा. त्यातल्या काही फायली अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. अपडेट येते ते डिस्कवर. बरेच सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू असतानाही फाईल बदलता येते. जुन्या फाईलचे नाव जाते, तथापि ती धरून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम बंद होईपर्यंत तिचा मजकूर जिवंत राहतो. विंडोजची रीत वेगळी. चालू फाईल तो सहसा बदलू देत नाही, बदल बाजूला ठेवतो आणि “मशीन रिस्टार्ट करा” म्हणून मागे लागतो. त्याचा वैताग येतो खरा, पण निदान तो सांगतो तरी. लिनक्स न बोलता काम करतो, म्हणून तिथे आपणच विचारावे लागते.

आता खिसा तपासायचा कसा? प्रत्येक चालू प्रोग्रॅमने कोणकोणत्या फायली मेमरीत धरल्या आहेत, याची नोंद लिनक्स ठेवतो. धरलेली फाईल डिस्कवरून गेली असेल तर नावापुढे “डिलीटेड” असा शेरा पडतो. अपडेटनंतर ज्या प्रोग्रॅमच्या यादीत एखाद्या लायब्ररीपुढे हा शेरा दिसेल, तो जुन्या मालावर चालला आहे असे समजावे. हे हाताने पाहणे किचकट असल्याने त्यासाठी तयार साधने आहेत. डेबियन आणि उबुंटूवर “नीडरिस्टार्ट” किंवा जुने “चेकरिस्टार्ट”, रेड हॅट घराण्यात “नीड्स-रिस्टार्टिंग”, तर सुसेवर “झिपर पीएस”. ही साधने यादी काढून देतात. त्यातली सेवा तेवढी बंद करून पुन्हा चालू करायची, अख्खे मशीन पाडायची गरज नाही. मात्र कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा, बदलला असेल तर सहसा पूर्ण रिस्टार्टच करावा लागतो. उबुंटूवर अशा वेळी “रिबूट-रिक्वायर्ड” नावाची फाईल तयार होते. ती दिसली की समजायचे.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. एप्रिल २०१४ मध्ये “हार्टब्लीड” नावाचे एक भोक जगासमोर आले. ओपनएसएसएल ही लायब्ररी गुप्त देवघेवीसाठी असंख्य सर्व्हर वापरतात. त्यातल्या चुकीमुळे बाहेरचा कोणीही माणूस सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एका वेळी उचलू शकत होता, आणि पुन:पुन्हा उचलू शकत होता. दुरुस्ती लगेच निघाली. पण ज्यांनी लायब्ररी बदलली आणि वेब सर्व्हर तसाच चालू ठेवला, त्यांचे भोक उघडेच राहिले. कपाटात नवे कुलूप आणि दाराला जुनेच! यादी पाहण्याची सवय असती तर पाच मिनिटांचे काम होते.

आमच्या विभागातले एक सहकारी पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणचे. ते हसून म्हणतात, “आमच्या गावी ही अडचण यायचीच नाही. पावसाळ्यात लाईट इतक्या वेळा जाते की प्रत्येक यंत्र आपोआप नव्याने सुरू होते.” थट्टा असली तरी त्यात तथ्य आहे. जुलै २०२१ च्या महापुरात महाड-पोलादपूर भागात वीज गेली, फोनही बंद पडले, तेव्हा चालू राहण्यासारखे काही उरलेच नव्हते. धोका असतो तो इन्व्हर्टर आणि जनरेटरवर महिनोन् महिने न थांबता चालणाऱ्या यंत्रांना. आपला सर्व्हर त्यातलाच. “वर्षभर बंद पडला नाही” हे कौतुकाने सांगितले जाते. आम्हांला मात्र ते ऐकून काळजी वाटते.

तसेच या साधनांवरही डोळे झाकून विसंबू नये. काही प्रोग्रॅम लायब्ररी बाहेरून न घेता स्वत:च्या पोटातच बांधून आणतात. लायब्ररी बदलली तरी त्यांच्यापुढे शेरा पडत नाही, त्यांची नवी प्रतच आणून बसवावी लागते. पायथॉन, पर्ल अशा भाषांतले प्रोग्रॅम ओळखणेही अवघड असते. नीडरिस्टार्ट ते ओळखण्याचा प्रयत्न करते आणि तिथेच ते फसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्वालिस या कंपनीने त्यात पाच दोष जाहीर केले. त्यांचा फायदा घेऊन मशीनवर साधे खाते असलेला माणूस सर्वाधिकारी होऊ शकत होता. हे दोष २०१४ पासून आत होते. ३.८ या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. राखणदारालाही अधूनमधून तपासावे लागते, ते असे.

आता आपल्या कारखान्यापुरते. हंगामात काट्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग असताना रिस्टार्ट करणे म्हणजे शेतकऱ्याला उन्हात ताटकळत ठेवणे. सबब आम्ही अशी रीत ठेवली आहे: अपडेट झाल्यावर त्याच दिवशी यादी काढून वहीत नोंदवायची, बाहेरच्या नेटशी जोडलेल्या सेवा लगेच बदलायच्या, आणि काट्याचे प्रोग्रॅम मिल सफाईसाठी थांबेल त्या वेळी. सफाई पुढे गेली तर रिस्टार्टही पुढे जातो. यावर आमच्यातच मतभेद आहेत. काहींच्या मते दोन दिवसांपेक्षा जास्त थांबूच नये आणि आम्हांलाही ते पटू लागले आहे. ही वही कोणाही सभासदास कामाच्या वेळेत पाहता येईल.

रिस्टार्टच्या वेळी एखादी गाडी काट्यावर आलीच, तर हाताने लिहिलेली सही-शिक्क्याची पावती मिळेल. कॉम्प्युटरची पावती हाती आल्यावर दोन्हींवरचे वजन ताडून पाहावे आणि फरक दिसल्यास त्याच दिवशी काटा क्लार्ककडे लेखी कळवावे, ही विनंती.