पऱ्हाटीचा जाळ, कागदी लिंबू

“हाडाशिवाय, मागच्या मांडीचं, तीनशे ग्रॅम,” म्हटल्यावर खाटकानं सुरी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. “कबाब करता काय?” नाही म्हटलं. “मंग हाड काऊन नाही?” प्रश्न रास्त होता. रामाकोन्यात मटण म्हणजे रस्सा, आणि रस्सा म्हणजे नळी, चरबीचा एखादा तुकडा, वर लालभडक तर्री. बिनहाडाचं मटण नेणारा माणूस एकतर आजारी असावा नाहीतर नागपूरहून आलेला. मी दुसऱ्या प्रकारातला. फेब्रुवारीत चार दिवस मावशीकडे गेलो होतो, आणि बँकॉकच्या एका गाडीवर खाल्लेला पदार्थ तिच्या घरी करून दाखवायची दुर्बुद्धी मला झाली होती.

पदार्थ सांगायला सोपा. मांसाचे पातळ काप, ठेचलेली लसूण-मिरची, भडक आच, दोन-तीन मिनिटांची परतापरत, वरून लिंबू. तिकडे मी खाल्ला तो बीफचा होता. रामाकोना सौंसर तालुक्यातलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात हा तालुका आला. घरातली बोली मराठी, कायदा भोपाळचा, आणि मध्य प्रदेशात २००४ चा गोवंश वध प्रतिषेध कायदा आहे. विषय तिथंच मिटतो. त्यानं पदार्थाचं काही अडतही नाही. खुद्द थायलंडात चिनी वंशाची बरीच माणसं, कुआन यिन देवीला मानणारी, बीफला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी त्याच गाडीवर हेच डुकराचं किंवा कोंबडीचं होतं. कोंबडी घेतली असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण कोंबडीत कसब लागत नाही. बोकडात लागतं, म्हणून बोकड.

पहिल्या दिवशी फजिती झाली. बोटभर जाडीचे तुकडे केले, धुतले, तसेच ओले गॅसवर अॅल्युमिनियमच्या कढईत टाकले, तेही सगळे एकदम. चुरचुर आवाज आला आणि लगेच मेला. मिनिटभरात मटणाला पाणी सुटलं, राखाडी फेस आला आणि काप आपल्याच पाण्यात उकडत बसले. मावशी दारात उभी राहून पाहत होती. “पाच मिंटात मटण शिजते काय कुठी?” असं म्हणून तिनं ते सगळं कुकरमध्ये टाकलं, चार शिट्ट्या काढल्या, मसाला घातला. जेवण उत्तम झालं. माझं काहीच झालं नव्हतं.

चूक कुठं झाली ते रात्री पडल्यापडल्या लक्षात आलं. कढईत पाणी आहे तोवर तिची आच शंभर अंशांच्या वर जात नाही. मांसावर खरपूस तांबूस रंग चढायला त्याच्यापेक्षा चाळीस-पन्नास अंश जास्त लागतात. आपण रश्श्याला मसाला भाजतो, कांदा भाजतो, खोबरं भाजतो, आणि मग मटण निवांत शिजू देतो. तासाभराच्या शिजण्यानं चिवट पेशीजाल विरघळतं आणि रसाला दाटपणा देतं. नागपूरच्या सावजी रश्श्याचं सगळं गणित त्या तासावर उभं आहे. इथं तो तास नाहीच. मग चिवटपणा कोण मोडणार? सुरी. चुलीवर जो वेळ वाचतो तो आधी पाटावर द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मटण आधी पाऊण तास फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवलं. दगड होऊ द्यायचं नाही, बोटानं दाबलं तर कडक लागावं इतपतच. मऊ मांस सुरीखालून सरकतं, असं थिजलेलं सरकत नाही. मांडीच्या मांसावर पांढुरका चकचकीत पडदा असतो. आच लागली की तो आक्रसतो आणि कापाला द्रोणासारखा वळवतो, म्हणून सुरीचं टोक खाली घालून तो आधी सोलून काढला. मग धागे पाहायचे. मांसाला लाकडासारखे उभे धागे असतात, मांडीत ते दोन-तीन दिशांना जातात. एकेक स्नायू वेगळा करून त्याच्या धाग्यांना आडवं कापायचं, काप तीन मिलिमीटरच्या वर जाड नको. धाग्याच्या दिशेनं कापलं तर प्रत्येक घासात सुतळी चावावी लागते. आडवं कापलं की धागे आखूड होतात आणि दातांचं निम्मं काम सुरीनं आधीच करून ठेवलेलं असतं. तीनशे ग्रॅम कापायला मला पस्तीस मिनिटं लागली. खाटकाला सांगितलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, पण त्याला आधीच माझी काळजी वाटत होती.

एवढं करूनही बोकड म्हणजे बोकड. त्याला थोडी लाच द्यावी लागते. चिमूटभर खाण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून कापांना चोळला आणि वीस मिनिटं ठेवलं. सोड्यानं मांसाचा आंबटपणा उतरतो आणि आच लागल्यावर त्यातली प्रथिनं एकमेकांना तितकी आवळून धरत नाहीत. मग काप धुऊन, स्वच्छ पंच्यात दाबून अगदी कोरडे केले. वरून चमचाभर सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोअर, चमचाभर तेल. कच्च्या पपईचा गरही चालतो, पण पपई लबाड. जरा विसरलात की वरचा थर लगदा होतो आणि आतलं तसंच राहतं.

वाटणात मात्र मला गाव धावून आलं. थाई स्वयंपाकात लसूण, मिरी आणि कोथिंबिरीची मुळं हे त्रिकूट खलबत्त्यात एकत्र ठेचतात. शहरात कोथिंबिरीची जुडी मुळं छाटून हातात येते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि बाजारातला सांबार मातीसकट उपटलेला असतो. मावशी ती मुळं नेहमी म्हशीच्या टोपल्यात टाकते. त्या दिवशी मी चार मुळं धुऊन घेतली, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, दहा मिरे, चार हिरव्या मिरच्या. पानापेक्षा मुळाचा वास जड असतो, मातीकडे झुकलेला. आणि तो आचेला टिकतो, पान जळून जातं. मिरचीबद्दल आम्हा दोन्ही बाजूंना फार अभिमान बाळगायचं कारण नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का, त्याच वर्षी त्यांचा माणूस अयुध्येच्या, म्हणजे सयामच्या, दरबारात पोचला. अमेरिकेतली मिरची त्यांच्याच मागोमाग दोन्हीकडे आली. भिवापुरी मिरचीवर मान ताठ करणाऱ्या आमच्या मंडळींना हे सांगून पाहिलं. कुणी मनावर घेतलं नाही.

तिकडे माशांचा खारट सॉस घालतात, तो इथं कुठून आणायचा? वाण्याकडे नूडल्स-मंचूरियनच्या कृपेनं सोया सॉस मिळतो, माशाचा नाही. मावशीच्या बरणीत मात्र सुकट होती. मूठभर सुकट कोरडीच भाजून कपभर कढत पाण्यात मिठासह भिजवली आणि ते पाणी गाळून घेतलं. तीच चव नव्हे, पण त्याच गल्लीतली. त्यात चमचाभर गूळ विरघळवला. तिकडे ताडाची साखर असते, गूळ तिच्या फार जवळचा.

मग पानं. बँकॉकला त्या गाडीवर पहिला घास घेतला तेव्हा मला एकदम वृंदावनाची आठवण झाली होती. कारण सरळ होतं. ते लोक परतण्यात जे पान घालतात ते तुळशीचंच, एकाच जातीचं झाड. हे मावशीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त उठून अंगणातल्या तुळशीच्या आणि माझ्या मध्ये जाऊन बसली. वाद घालायची ही जागा नव्हती. परसात सब्ज्याचं झुडूप होतं. सब्जा म्हणजे थाई लोकांच्या दुसऱ्या, गोडसर बडीशेपी वासाच्या पानाचा सख्खा भाऊ, तीही जात एकच. त्याची मूठभर पानं तिनं स्वतः खुडून दिली.

लिंबाच्या पानासाठी वाडीत गेलो. फेब्रुवारीत सौंसर भागातल्या संत्र्याच्या वाड्या आंबिया बहराच्या फुलांनी गच्च असतात, आणि मृगाची फळं झालेली झाडं शेजारीच उभी असतात. वास इतका दाट की मोटारसायकलवरसुद्धा कळतं, कुठली वाडी लागली. थाई रसोईत ज्या खडबडीत लिंबाचं पान वापरतात त्याचा देठ पंखासारखा रुंद असतो, म्हणून ते जोडपान दिसतं. ते झाड आमच्याकडे नाही. आमच्या संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात, आणि खुंटातून फुटलेला जंबेरीचा फुटवा माळी काढून फेकतो. त्या फुटव्याची कोवळी पानं चुरगाळून पाहिली, वास तिखट आणि रानटी. पण फवारणी कधी झाली ते माळ्यालाही नेमकं आठवेना, म्हणून ती टाकून दिली. घराच्या मागच्या कागदी लिंबाची चार कोवळी पानं घेतली, मधली शीर काढली, गुंडाळी करून केसासारखी चिरली. वाडीतलं पान खायला घेणार असाल तर फवारणीचं विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता आच. घरच्या गॅसची शेगडी भाजीसाठी ठीक, या कामाला तिचा दम पुरत नाही. रामाकोन्याला मात्र एक गोष्ट आहे जी बँकॉकच्या गाडीवाल्यालाही हेवा वाटावी अशी: पऱ्हाटी. कापूस निघाला की वाळलेली कपाशीची झाडं उपटून परसात रचतात. ती लाकडासारखी रेंगाळत जळत नाहीत. काडी लावली की भडका, आणि दहा मिनिटांत राख. रश्श्याला हे जळण निरुपयोगी, बायका सतत सरपण घालून वैतागतात. मला नेमका दहा मिनिटांचा भडकाच हवा होता. अंगणातली चूल, मावशीची लोखंडी कढई, लांब दांड्याचा सराटा. कढई रिकामीच चढवली. तिच्यातून धूर निघाला तेव्हा तेल घातलं, तेलातून धूर निघाला तेव्हा निम्मे काप.

निम्मेच. सगळे घातले की कढई गार पडते आणि पुन्हा पहिल्या दिवसाचं पाणी. काप पसरून टाकले आणि हात मागे घेतला. सर्वांत अवघड काम हेच, काही न करणं. सराटा हातात असला की माणूस हलवत बसतो. पन्नास मोजेपर्यंत थांबलो, मग उलटले. खालून तांबूस, कडा काळसर. आणखी अर्धं मिनिट, आणि ताटात काढले. दुसरा घाणा तसाच. मावशीच्या हाताशी पऱ्हाटीची मोळी होती. जाळ बसला की ती दोन काटक्या आत सारायची, सांगावं लागत नव्हतं. मग थोडं तेल, वाटण. अंगणात असा ठसका उठला की कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, “कोणाची दृष्ट काढून राहिले?” वाटणाला पंधरा मोजायचे, जास्त नाही. लसूण करपली की कडू होते. लगेच सगळे काप परत, सुकटीचं गूळपाणी कडेनं, दोनदा वरखाली. काठावरचा रस क्षणात आटून कापांना चकाकी आली. सब्जा टाकला, कढई खाली उतरवली. पहिला काप पडल्यापासून एकूण साडेचार मिनिटं.

आता लिंबू, आणि इथंच मावशीनं घाई केली. मी ताट आणायला वळलो तेवढ्यात तिनं प्रेमानं अर्धं लिंबू थेट कढईत पिळलं. लोखंडाला आंबट लागलं की ते लोखंड अंगावर घेतं. खालच्या रसावर करडी झाक आली आणि चाटून पाहिलं तर विळ्याच्या पात्यासारखी चव. वरचे काप पटकन ताटात काढले म्हणून वाचले. तापल्या भांड्यात लिंबू पिळू नये याचं दुसरंही कारण आहे. लिंबाचा आंबटपणा आचेला टिकतो, वास टिकत नाही. तो उडून जातो आणि मागं नुसती आंबट-कडू धार राहते. थाई माणूस लिंबू आपल्यासारखं मधोमध कापतही नाही. मधला बियांचा दांडा सोडून बाजूचे गाल उतरवतो, म्हणजे बी पडत नाही आणि दांड्याचा कडवटपणाही येत नाही. तसे तीन गाल उतरवून ताटातल्या वाफाळत्या मटणावर पिळले, वर चिरलेलं पान भुरभुरवलं. युरोपात ही माणसं हा पदार्थ करतात तेव्हा त्यांना जाड सालीचं बिनबियांचं लिंबू वापरावं लागतं. आमचं कागदी लिंबू आणि थाई लिंबू एकच जात. या एका बाबतीत रामाकोन्याची नक्कल अस्सल होती.

काप चावायला लागत होते, पण तुटत होते. बीफइतके रसाळ नव्हते, बोकडाचा स्वतःचा वास होता, आणि सांबाराच्या मुळानं त्याला बरं सांभाळून घेतलं होतं. मावशीनं मोकळ्या भातावर घेऊन खाल्लं, दुसऱ्यांदाही घेतलं. मग पोळीचा तुकडा हातात धरून ताटात इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “चवीले चांगलं हाय. पण हे बुडवाचं कशात?”

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तीनशे ग्रॅमात दोघं जेवतात, जेमतेम तिसरा. जास्त केलं तर पहिला घाणा गार होतो तोवर शेवटचा कढईत असतो. चौथा माणूस जेवायला येणार असेल तर सरळ हाडाचं मटण आणावं आणि रस्सा टाकावा.