केंद्रकाच्या काठावरची दावण

रक्ताच्या स्लाइडवर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पटकन ओळखू येतो. त्याचे केंद्रक तीन-चार खंडांचे असते आणि ते खंड बारीक धाग्यांनी जोडलेले दिसतात. काही निरोगी माणसांत मात्र ते दोनच खंडांचे असते. डच डॉक्टर पेल्गर यांनी १९२८ मध्ये हे नोंदवले. ते आनुवंशिक असल्याचे पुढे ह्यूएट यांनी दाखवले. लॅबमध्ये हा प्रकार लक्षात आला नाही, तर या पेशी अपक्व समजल्या जातात आणि नसलेल्या जंतुसंसर्गाचा शोध सुरू होतो. मूळ दोष सापडला २००२ मध्ये: एलबीआर, म्हणजे लॅमिन बी रिसेप्टर, या प्रथिनाच्या जनुकात.

प्रथिन स्वतः १९८८ मध्येच हाती आले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते टर्की पक्ष्याच्या रक्तातून वेगळे केले. आपल्या पक्व तांबड्या पेशींना केंद्रक नसते, पक्ष्यांच्या पेशींना असते. केंद्रकाचे आवरण अभ्यासायला त्यामुळे पक्ष्याचे रक्त सोयीचे.

हे आवरण दुपदरी आहे. आतल्या पदरात एलबीआर, एमेरिन, सन अशी अनेक प्रथिने रुतलेली असतात आणि त्यांना लागून लॅमिनच्या तंतूंची जाळी असते. एलबीआर पटलातून आठ वेळा आरपार जाते. त्याचे एक टोक केंद्रकात उतरते आणि लॅमिन बी व घट्ट गुंडाळलेले क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिने) या दोहोंना धरते. माणसाच्या पेशीतला सुमारे दोन मीटर डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात राहतो, तो गुंतवळ होऊन नव्हे. ॲमस्टरडॅमच्या बास व्हान स्टीन्सेल यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की मानवी जनुकसंचातले तेराशेहून अधिक मोठाले पट्टे या जाळीला टेकलेले असतात, आणि त्यांतली बहुतेक जनुके मूक असतात. आतल्या पदरातली प्रथिने म्हणजे जणू दावण आहे: कोणते पट्टे काठाला बांधायचे आणि कोणते मध्यभागी मोकळे ठेवायचे, हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

आवरणाचे काम निव्वळ कुंपणाचे नाही, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते उंदराच्या डोळ्यात. म्युनिकच्या इरिना सोलोवेई आणि सहकाऱ्यांना २००९ मध्ये आढळले की निशाचर सस्तन प्राण्यांच्या दंडपेशींत केंद्रकाची मांडणी उलटी असते. घट्ट, मूक क्रोमॅटिन मधोमध आणि जागी जनुके काठाला. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात ही मांडणी नेहमीसारखीच असते. उलटापालट पुढच्या काही आठवड्यांत होते. कारण २०१३ मध्ये उलगडले. मूक क्रोमॅटिनला काठाशी धरणाऱ्या व्यवस्था दोन: बहुधा आधी एलबीआर, नंतर जाळीतलेच लॅमिन ए/सी. उंदराच्या पक्व दंडपेशीत दोन्ही नसतात. तिथे मुद्दाम एलबीआर घातले, तर केंद्रक उलटत नाही.

पण उलटायचे कशासाठी? दृष्टिपटलात प्रकाशाला दंडपेशींच्या प्रकाशग्राही टोकांपर्यंत पोहोचताना या केंद्रकांच्या जाड थरातून जावे लागते. मधोमध गोळा झालेले क्रोमॅटिन सूक्ष्म भिंगाचे काम करते आणि प्रकाश कमी विखुरतो. ड्रेस्डेनमधल्या गटाने २०१९ मध्ये याची परीक्षा उंदरांवरच घेतली. एलबीआर घातलेल्या, म्हणून नेहमीची मांडणी टिकवलेल्या उंदरांना अंधुक उजेडात कमी ठळक आकृत्या ओळखणे जड गेले. एक प्रथिन गाळल्याने रात्रीची नजर सुधारते, यापेक्षा विलक्षण गोष्ट पेशीविज्ञानात मला तरी माहीत नाही.

माणसात मात्र या प्रथिनांतले दोष महागात पडतात. एमेरिनचे जनुक १९९४ मध्ये एमरी-ड्रायफस स्नायुक्षयाच्या रुग्णांत सापडले. त्याच आजाराचा लॅमिन ए/सीशी संबंध १९९९ मध्ये कळला, तर २००३ मध्ये अकाली वार्धक्याचा, प्रोजेरियाचा. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये वीणा पारनाईक यांनी लॅमिनवर, विशेषतः स्नायुपेशींच्या घडणीतल्या त्यांच्या भूमिकेवर, दीर्घकाळ काम केले. लॅमिन ए/सी शरीरातल्या बहुतेक पेशींत असताना फटका मुख्यतः स्नायू आणि हृदयालाच का बसतो, यावर दोन मते आहेत. एक म्हणते, सतत ताणल्या जाणाऱ्या पेशीत कमकुवत जाळी फाटते. दुसरे म्हणते, जनुकांची बांधणी सुटते आणि नको ती जागी होतात. मला दोन्ही एकाच वेळी खरी वाटतात. घरात असा दोष आढळला की नातेवाइकांचीही जनुकचाचणी करतात. ज्यांच्यात तो निघतो, त्यांचा ईसीजी, अजून काहीही त्रास नसला तरी, नियमित काढला जातो. हृदयाची लय बिघडण्याआधीच ती सांभाळणारे यंत्र बसवता यावे, हा त्यामागचा हेतू असतो.