अहवालातला ‘पॉझिटिव्ह’ आणि घराण्याचा दोष

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एक बाई गेल्या महिन्यात मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. वय अठ्ठावन्न. हातात दोन कागद होते. एक त्यांच्या स्वतःच्या गाठीच्या तपासणीचा, त्यावर ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले. दुसरा मुलीचा. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिने एका खासगी प्रयोगशाळेकडे लाळेचा नमुना पाठवून जनुकांची तपासणी करून घेतली होती आणि ‘इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकात फरक आढळला’ असा शेरा तिच्या अहवालात होता. बाईंनी सरळ विचारले, “डॉक्टरसाहेब, माझं पॉझिटिव्ह हिच्यात उतरलं का? हिचं लग्न ठरायचंय. पाहुण्यांना सांगावं लागेल का?”

असा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्या नाहीत, म्हणून आज त्याविषयी.

इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या बीजकोषात तयार होणारे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन. रक्तातून ते सर्व शरीरभर फिरते. परंतु त्याचा हुकूम सगळ्याच पेशी मानत नाहीत. सरकारी कचेरीत टपाल आले की ते आवक-जावक कारकुनाने घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. पेशीतही असाच एक कारकून असतो. त्याला रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. स्तनातील पेशींत हा ग्राही असतो. इस्ट्रोजेन त्याला चिकटले की पेशीला वाढण्याचा व दुभागण्याचा आदेश मिळतो. जितकी वर्षे हे टपाल येत राहील तितक्या वेळा पेशी दुभागणार आणि तितकी चुकीला संधी. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा जाणे, मूल न होणे किंवा पहिले बाळंतपण उशिरा होणे, यांनी धोका थोडा वाढतो तो यामुळेच. अंगावर पाजल्याने तो कमी होतो. पाळी गेल्यानंतर शरीरातील चरबी इस्ट्रोजेन बनवत राहते, म्हणून त्या वयातला लठ्ठपणा वाईट.

ग्राहीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, १८९६ साली, ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी बीजकोष काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग आक्रसतो हे प्रसिद्ध केले होते. कारण मात्र कळले शिकागोच्या एलवुड जेन्सन यांच्यामुळे, १९५०च्या दशकाच्या अखेरीस. १९९६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना दुसऱ्या प्रकारचा इस्ट्रोजेन ग्राही सापडला.

आता पहिला कागद. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने आपल्याकडे माणसे उगाच हबकतात. ‘ईआर पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच, की गाठीतील पेशींत अजून तो कारकून बसलेला आहे. म्हणजे टपाल अडवून रोगाला आवर घालता येतो. टॅमॉक्सिफेनची गोळी नेमके हेच करते. ती पाच वर्षे घेतली तर अशा रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने व मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. गोळी स्वस्त आहे. अंगातून वाफा निघतात, म्हणून कित्येक भगिनी ती वर्षभरात परस्पर सोडून देतात. ही गोष्ट मला मुलीच्या अहवालापेक्षा फार गंभीर वाटते. (पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर मात्र ताबडतोब दाखवावे.) आणि मुख्य म्हणजे, गाठ ईआर पॉझिटिव्ह असणे हा गाठीचा गुण झाला. तो आईकडून मुलीकडे जात नाही.

दुसऱ्या कागदाची गोष्ट वेगळी. ग्राही कसा बनवायचा याची कृती जनुकात लिहिलेली असते. इस्ट्रोजेनच्या मुख्य ग्राहीचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. या लिखाणात माणसागणिक अक्षराचा फरक असतो. ‘पाणी’ शब्द कोणी ऱ्हस्व लिहिला तरी तहानलेल्याला पाणीच मिळते. तसे बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. काहींचा थोडा परिणाम होतो. २००९ साली शांघायमधील स्त्रियांच्या अभ्यासात या जनुकाशेजारचा एक फरक सापडला. आई व वडील दोघांकडून तो आलेल्या स्त्रियांत धोका साधारण दीडपट आढळला. युरोपीय वंशाच्या स्त्रियांत परिणाम त्याहून कमी दिसला. प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीतील एका फरकावरही २००३ च्या सुमारास संशय होता. मोठ्या अभ्यासांत तो ठामपणे टिकला नाही.

दीडपट ऐकून घाबरू नये. भारतात साधारण २९ स्त्रियांत एकीला हा रोग होतो असा कर्करोग नोंदणीचा २०२० चा अंदाज आहे. दीडपट म्हणजे सुमारे वीसजणींत एक. उरलेल्या एकोणीसजणींना होत नाही. या मुलीच्या बाबतीत त्या फरकापेक्षा आईला रोग झाला ही साधी गोष्ट जास्त मोलाची आहे, कारण त्याने धोका जवळजवळ दुप्पट धरतात. पाहुण्यांना जनुकाबद्दल सांगण्यासारखे काहीच नाही, असे मी बाईंना स्पष्ट सांगितले.

खरा घराण्यातून येणारा दोष बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांचा. ती १९९४ व १९९५ साली सापडली. इथे नुसता ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो, कृतीचे पानच फाटलेले असते. अशा स्त्रियांत ऐंशीव्या वर्षापर्यंत धोका सत्तर टक्क्यांच्या आसपास जातो. घरात कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, दोन्ही स्तनांत कर्करोग, बीजकोषाचा कर्करोग किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ही तपासणी जरूर करावी, आणि शक्यतो आधी रोग झालेल्या व्यक्तीची करावी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र सल्ला मिळतो. आत्या व आजी (वडिलांची आई) यांचाही इतिहास सांगावा. हा दोष फक्त आईकडूनच येतो, ही समजूत चुकीची आहे.

बाकी भगिनींना लाळेच्या तपासणीवर हजारो रुपये खर्चण्याची गरज नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील दीड लाख स्त्रियांवर एक प्रयोग केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, एवढेच. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा पन्नाशीपुढच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. न दुखणारी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

शस्त्रक्रियेनंतरचे कागद मात्र जपून ठेवा. ईआरचा अहवाल घर बदलताना रद्दीत गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. उद्या मुलीला किंवा भाचीला सल्ला घ्यायचा झाला, तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतील.