मरण अडवणारं जनुक

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, हे समीकरण एकेकाळी शास्त्रज्ञांच्याही डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याला १९८८ साली धक्का दिला मेलबर्नच्या डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी. काही रक्तपेशी इंटरल्युकिन-३ हे प्रथिन मिळेल तोवरच जगतात. ते तोडलं की काही दिवसांत मरतात. या तिघांनी त्यांच्यात बीसीएल-२ हे जनुक घातलं, तर त्या उपाशीपोटीच तगल्या. गंमत म्हणजे त्या वाढतही नव्हत्या, नुसत्या बसून होत्या.

जनुक तसं ओळखीचं होतं. फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, तिथेच ते आधी सापडलं होतं. पण ते करतं काय, याचा पत्ता नव्हता.

शरीरात रोज अब्जावधी पेशी शिस्तीत स्वतःला संपवतात. हेच ॲपॉप्टोसिस. वेळ आली की बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं आणि कॅस्पेज ही विकरं पेशी आतून मोडून काढतात. बीसीएल-२ ती भोकंच पडू देत नाही. मिक या वाढ रेटणाऱ्या जनुकाची साथ मिळाली, की मग ते फारच घातक ठरतं. मिक पेशींना पळवतं, पण अशा उधळलेल्या पेशी एरवी मरतातही. १९९० मध्ये ही दोन्ही जनुकं एकत्र आणलेल्या उंदरांना कर्करोग भराभर झाला.

रोगाने मूळ धरल्यावर बीसीएल-२ काढून घेतलं तर? बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेत अँथनी लेटाय आणि स्टॅनली कोर्समायर यांच्या गटाने २००४ मध्ये हे करून पाहिलं. त्यांच्या उंदरांतही ही दोन्ही जनुकं होती, पण त्यातलं बीसीएल-२ डॉक्सिसायक्लिन दिलं की बंद पडे. हो, तेच डॉक्सिसायक्लिन, जे तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या मुंबईकराला लेप्टोच्या धास्तीने दिलं जातं. ते मिळताच ल्युकेमियाच्या पेशी झपाट्याने ओसरल्या, उंदीर जास्त जगले. मिक मात्र चालूच होतं! रोगाला वाढीइतकीच मरणबंदीचीही गरज होती, हे यातून दिसलं.

निरोगी शरीरालाही हे जनुक लागतंच. ते मुळातच नसलेल्या उंदरांची मूत्रपिंडं बिघडतात, लिम्फोसाइट घटतात आणि काही आठवड्यांतच अंगावरचे केस पांढरे होतात.

बीसीएल-२ ला जखडणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या गोळीला अमेरिकेत २०१६ मध्ये क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी मंजुरी मिळाली. ती या रोगात एकदम पूर्ण मात्रेत देत नाहीत. २० मिलिग्रॅमपासून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत चढवतात. कारण पेशी एकाच वेळी इतक्या मरू शकतात, की त्यांच्यातून सुटलेलं पोटॅशियम आणि युरिक आम्ल मूत्रपिंडांना झेपत नाही. शिवाय काही पेशी एमसीएल-१ या बीसीएल-२ च्याच भाऊबंदाचा आधार घेऊन गोळीलाही दाद देत नाहीत.