इंजिन बंद पडले, तरी विमान दगडासारखे पडत नाही

समजा, प्रभादेवीच्या वर ३,००० फुटांवर एका इंजिनाचे छोटे विमान आहे आणि त्याचे इंजिन अचानक बंद पडले. खाली सिद्धिविनायक मंदिर, दाटीवाटीने उभे टॉवर, पश्चिमेला समुद्र. आता विमान दगडासारखे कोसळणार, असेच बहुतेकांना वाटेल. पण तसे होत नाही.

विमानाला हवेत तोलून धरण्याचे काम पंख करतात. इंजिन त्यासाठी लागणारा वेग देते. इंजिन थांबले की वैमानिक विमानाचे नाक थोडे खाली करतो. उतारावर पेडल न मारता सायकल जाते, तसे विमान घसरत पुढे जाते. प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे सेसना १५२ ताशी सुमारे ११० किलोमीटर वेग राखून, गमावलेल्या उंचीच्या साधारण नऊपट अंतर कापते. म्हणजे ३,००० फुटांवरून वारा नसताना सुमारे आठ किलोमीटर आणि हाताशी जेमतेम साडेचार मिनिटे.

जुहूची धावपट्टी प्रभादेवीपासून सरळ रेषेत सुमारे नऊ किलोमीटरवर आहे. तिकडे जाण्याचा मोह धरला, तर विमान वाटेतल्या वस्तीवर उतरेल. महालक्ष्मी रेसकोर्सचे मोकळे मैदान मात्र चारेक किलोमीटरवर, टप्प्यात आहे. धावपट्टीचा हट्ट सोडून जवळची मोकळी जागा निवडणे, हाच अशा वेळचा पहिला शहाणपणा.

खरा शत्रू कोणता?

इंजिनाचा आवाज थांबताच शरीरात अॅड्रेनालिन उसळते, छाती धडधडते, नजर एकाच गोष्टीवर खिळते. जमीन जवळ येताना दिसली की हात आपोआप दांडा मागे ओढतात, नाक वर जाते आणि वेग मरतो. पंखांवरून नीट वाहणारी हवा विस्कटते व उचल एकदम घटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. जमिनीजवळ स्टॉल झाला, तर सावरायला उंचीच उरत नाही. घाटकोपरला २८ जून २०१८ रोजी कोसळलेल्या किंग एअर सी-९० विमानाच्या तपासातही स्टॉलचाच उल्लेख आहे. त्या दुर्घटनेत विमानातील चौघे आणि एक पादचारी दगावले.

म्हणूनच शिकाऊ वैमानिकाकडून एकच क्रम पुन्हा पुन्हा घोटून घेतला जातो: आधी वेग, मग जागा, मग इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न आणि शेवटी रेडिओवर ‘मेडे’. घाबरलेला मेंदू नवा विचार करू शकत नाही. सवयीचे मात्र करतो.

इंजिन रुसण्याची कारणे अनेकदा साधी असतात: इंधन संपणे, इंधनात पाणी जाणे किंवा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणे. आपल्या दमट हवेत, बाहेर २० ते २५ अंश तापमान असतानाही, असा बर्फ धरू शकतो. कारण इंधनाची वाफ होताना आतली हवा झपाट्याने थंड होते. त्यावर गरम हवा सोडणारी कळ कॉकपिटमध्ये असते.

शरीराला किती धक्का सोसतो?

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेले सेसना १५२ इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. विमानात एकटी असलेली शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली, पण बचावली. २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणाऱ्या एअर अॅम्ब्युलन्सची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ती नजफगडजवळच्या शेतात उतरवली आणि सातही जण वाचले.

यामागे साधे गणित आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ११० ऐवजी ८० किलोमीटरने जमिनीला टेकले, तर ती जवळपास निम्मी होते. विमान एकाच जागी न आदळता दहा मीटर घसरत थांबले, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी अडीचपट ताण येतो. खांद्यावरून पट्टा बांधलेले निरोगी शरीर तो सहसा सोसते. पट्टा नसेल, तर डोके समोरच्या पॅनलवर आदळते. मोटारीतला पट्टाही याच कारणासाठी असतो.

असे विमान तुमच्यासमोर उतरले, तर गर्दी करू नका. इंधन सांडलेले असू शकते. जवळपास विडी-सिगारेट पेटवू नका. आगीचा धोका नसेल, तर जखमीला ओढून बाहेर काढू नका, मान व पाठ हलू देऊ नका. आधी १०८ किंवा ११२ ला फोन करा.